ताटातलं नाव

मळमड्डी, धारवाड
मंगळवार, १५ नोव्हेंबर १९६६

आज वकीलकाकांवर ओरडलो. नको होतं ओरडायला. रंगूनहून आलेल्या माझ्या मालतीच्या नागरिकत्वाच्या अर्जात, कुठल्या आधारावर मागताय, हा रकाना कोरा होता. मी म्हटलं, "भारतीयाची पत्नी, असंच लिहा!" तिच्याशी लग्न करायला मी कॉलेज सोडलं, ते कशाला मग?

काका कानडी लाडानं म्हणाले, "तम्मा, रंगूनच्या कागदांवर मालती, लग्नाच्या दाखल्यावर शर्वरी. बाई एकच, हे कोण मानणार? भारतीय वंशाची, असं लिही. तिच्या वडिलांचा इथला जन्मदाखला आहे."

शर्वरी! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं मीच हौसेनं लिहिलेलं नाव. त्यानंतर एकदा तरी त्या नावानं हाक मारली का मी?

परतताना मालतीशेजारून गाल फुगवून चाललो होतो. ती म्हणाली, "अहो, सरकारदरबारी असू दे मला बाबांची मुलगी. बायको कुणाची, ते तुमच्या ओरडण्यानं अख्ख्या मळमड्डीला कळलंय."

हसूच आलं. घरी येऊन रकान्यात 'भारतीय वंश' मीच लिहिलं. खाली तिनं सही केली, मालती.

मग जेवायला बसलो, तर माझ्या ताटातल्या भातावर चमच्याच्या टोकानं कोरलेलं: शर्वरी.

तो भात मोडवेचना मला.