राखणीचा कागद

ता. ९ ऑक्टोबर ८२, शनिवार. देवास.

मधूने जीप पाहून ठेवली. सरकारी लिलावातली, रंग उडालेला, इंजिनाचा आवाज मात्र निरोगी. गिरणीतून कमी केल्यापासून सात महिने पोरगा घरात पाहुण्यासारखा वावरतो आहे. आज पोटभर जेवला. उदयनगरच्या आठवडी हाटाला माणसे न्यायची-आणायची असा बेत. सौ. म्हणाली, धोंड्याचा महिना संपेपर्यंत दारात नवे काही आणायचे नाही. म. म्हणाला, "आई, तोवर दुसरा कोणी घेऊन जाईल ना!" शेवटी सौदा आत्ता, दारात दसऱ्याला, असे ठरले.

टायर पाहिले. पाचही गेलेले. बोट फिरवले तर माझ्या टाळूसारखे गुळगुळीत. म्हटले, नवेच घे, इथे काटकसर नको.  

१२ ऑक्टो., मंगळ.

ए. बी. रोडवरच्या टायरवाल्याकडे म.बरोबर गेलो. पोरगेलासा विक्रेता, टेरिकॉटचा शर्ट. "बाबूजी, एक स्कीम है." टायरमागे सत्तर रुपये जादा दिले की वर्षभर खिळा, चीर, फुटणे, काहीही होवो, दुरुस्ती फुकट. दुरुस्त होण्याजोगा नसेल तर नवा टायर, झिजला असेल तेवढे कापून. पाचांचे साडेतीनशे.

विचारले, "कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, चीर गेली तर?" तो माझ्याकडे बघतच राहिला. म. म्हणाला, "भिया, नाना खुद टायर का काम करते हैं. पैंतीस साल से." त्यावर खुर्ची मिळाली, उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा, "वो भी कवर है, बाबूजी. सब लिखा है."

लिहिलेले घरी घेऊन आलो.

१३ ऑक्टो., बुध.

सुनेने, शैलाने, कागद मोठ्याने वाचायला घेतला. हिचे वडील साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात आले, हिची शाळा सारी हिंदीत, त्यामुळे हिंदी झरझर वाचते. पहिलीच ओळ, 'टायर रक्षा योजना'.

सौ. मेथी निवडत होती. हात थांबले.

"काय म्हणालीस?"

"रक्षा योजना, सासूबाई."

"असल्या नावाचा कागद माझ्या घरात नको. एकदा रक्षा आली या घरात, मडक्यातून. तेवढी पुरे."

शैला कावरीबावरी. "अहो, हिंदीत रक्षा म्हणजे राखण करणं..."

"मग राखण म्हणा की. जीभ झिजते का?" मेथीची पाटी उचलून आत गेली.

थोरल्या दत्तूला जाऊन नऊ वर्षे झाली. ती रक्षा मीच खलघाटला नर्मदेत सोडली होती. आजपासून घरात त्या कागदाचे नाव राखण.

१५ ऑक्टो., शुक्र. धार.

जावयाला धोंड्याचे वाण, अनारसे घेऊन आलो. बसमध्ये अर्धे मोडले. जावईबापू बँकेत, हिशेबाला पक्के. राखणीचे सांगितले तर हसले. "मामा, दुकानदार काय धर्म करायला बसलाय? सगळ्यांचे टायर फुटले असते तर त्यानं ही योजना काढलीच नसती. आणि तुम्ही घरचे कारीगर असताना दुसऱ्याला कशाला पैसे?"

मान डोलावली. दुसरे काय करणार.

संध्याकाळी जुन्या पागेवरून चक्कर मारली. आता तिथे कसलेसे गोदाम. वडील इथे संस्थानची खोगिरे शिवायचे. खोगीर चढवले की घोड्याची पाठ आणि कातडे यांच्या मध्ये तळहात सरकवून बघायचे. टोचते का, कुठे टोचते. मला शिकवले असे काही नाही. मी बघितले. टायरचे कामही तसेच, बघून बघूनच...

१७ ऑक्टो., रवि.

परत देवास. शैलाला बारीक अक्षरांतले वाचायला लावले. एक, टायरवरचा नंबर शाबूत हवा. दोन, बिघाड झाल्यापासून तीन दिवसांत नेमलेल्या दुकानात टायर पोचला पाहिजे. नेमलेले दुकान इंदूरला, एकच. तीन, 'अनधिकृत व्यक्ति द्वारा मरम्मत किए जाने पर' राखण रद्द.

"अनधिकृत म्हणजे कोण गं?"

शैला खाली बघून म्हणाली, "म्हणजे... त्यांच्या दुकानाशिवाय कुणीही, मामंजी."

पस्तीस वर्षे टायर उलटे करून आतले दोरे चाचपतो आहे. आज कळले, अनधिकृत आहे. हसलो. म. हसला नाही. त्याला हे कलम आधीच ठाऊक होते, चेहऱ्यावरून समजले.

१९ ऑक्टो., मंगळ.

नऊ वर्षांत लिहिले नाही. आज लिहितो.

दत्तू दुसऱ्याच्या ट्रकवर होता. पुढच्या डाव्या टायरला बोटभर चीर. मी आतून गेटर टाकला, जुन्या टायरचा तुकडा तासून चिकटवतात तो. चांगला बसला होता. हात फिरवून पाहिला होता. दत्तू म्हणाला, "नाना, जाईल ना?" मी म्हटले, "जा."

धामनोदच्या अलीकडच्या घाटात.

पंचनाम्यात 'टायर फुटला' एवढेच. कोणता, ते नाही. मी पोचेपर्यंत मालकाने सांगाडा भंगारात दिलेला. माझा गेटर सुटला, की दुसराच कुठला टायर गेला, कधी कळणार नाही. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. सौ.सुद्धा. कोणी बोलले असते तर...

तेव्हापासून पुढच्या चाकाचा टायर हातात घेतलेला नाही. गिऱ्हाइकांना सांगतो, डोळ्यांना नीट दिसत नाही.

२२ ऑक्टो., शुक्र.

दुपारी शैला चहा घेऊन आली आणि गेली नाही. दाराशी उभी.

"मामंजी, एक बोलू? ह्यांना तो कागद टायरसाठी नकोय."

"मग?"

"उद्या काही झालंच, तर ते तुमच्यावर येऊ नये म्हणून."

"असं म्हणाला तो?"

"म्हणाले नाहीत. पण मला कळतं."

चहा गार झाला. पोर मनाची चांगली आहे, चांगलेच बघते. मला दुसरेही दिसते. कदाचित मधूला माझ्या हाताची भीती वाटत असेल, आणि बापाला तसे म्हणायचे नाही म्हणून छापील कागद पुढे केला असेल. माया की भीती? साडेतीनशे रुपयांत दोन्ही बसते. विचारावे तर तो म्हणेल, "कुछ भी क्या, नाना!" आणि विषय संपेल.

२४ ऑक्टो., रवि.

म.ला सांगितले, राखण घे.

कारणेही सांगितली. डांबरी रस्त्याला फिरवणार असतास तर नको म्हटले असते. नवा चांगला टायर, हवा बरोबर ठेवली, तर पहिल्या वर्षी काही होत नाही, ते पैसे पाण्यात. पण उदयनगरचा जंगलातला रस्ता निराळा. तिथले दगड पात्यासारखे उभे असतात, टायर झिजायच्या आधी कुशीला कापतात. दोन टायर कापले गेले तरी पैसे वसूल. मात्र दर वेळी इंदूर गाठावे लागेल, तो दिवस धंद्यातून गेला असे धरून चाल.

म. म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, नाना."

कारणे सगळी खरी. एक सांगितले नाही. त्याला घे म्हणताना छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले, आणि त्याच क्षणी आपल्याला घराबाहेर बसवल्यासारखेही.

२७ ऑक्टो., बुध. दसरा.

जीप दारात. झेंडूची माळ, सौ.ने ओवाळले. माझी हत्यारे पाटावर मांडली, टायर उचकटायची टामी, कानस, हातोडी. सौ.ने राखणीचा कागद स्वतःच्या हाताने आणून त्यांच्या शेजारी ठेवला, कोपऱ्याला कुंकू लावले.  

७ नोव्हें., रवि.

पहिले पंक्चर. खिळा. इथे माझ्याकडे अर्ध्या तासाचे काम. म. टायर घेऊन इंदूरला गेला, तिथे रांग, अंधार पडल्यावर आला. दुरुस्ती फुकट. शैला म्हणाली, "फुकटात आख्खा दिवस गेला." म. तिच्यावर खेकसला, मग जेवताना आपणच तिच्या पानात लोणचे वाढले.

२१ नोव्हें., रवि.

रोज सकाळी जीपला एक फेरी घालतो, हात मागे बांधून. आज म.ने पाहिले. म्हणाला, "नाना, बघायला मनाई नाही लिहिली." म्हटले, "बघून काय कळतं? आतून हात घातल्याशिवाय टायर बोलत नाही." तो हवा तपासत होता, तपासतच राहिला.

९ डिसें., गुरु.

दुपारचे चार. म. तीनला उदयनगरहून आला. मागच्या उजव्या टायरला कुशीत चीर, चार बोटे. जादाचा टायर लावून कसाबसा पोचला. उद्या तिथे हाट. त्याच रस्त्याने चौदा माणसे न्यायची कबूल केलेली, त्यांत दोन बायका दवाखान्यासाठी येणार. आता जवळ जादाचा टायर नाही. इंदूरला नेला तर परवापर्यंत मिळत नाही, पण नवा मिळेल, राखण आहे. मी हात लावला तर उद्याचा हाट साधेल, आणि या टायरची राखण गेली.

त्याने टायर ओसरीवर आणून भिंतीला टेकवला. इंदूरला न्यायचा असता तर जीपमधून उतरवायचे कारण नव्हते.  पायरीवर बसून राहिला.

सौ. आतून म्हणाली, "काय रे झालं?" 

मी चष्मा लावला. म्हटले, "मधू, हात घालू का आत?"

तो उठून टायरपाशी येऊन बसला. मग म्हणाला, "मागचं चाक आहे, नाना."

हे होय की नाही, मला कळले नाही. विचारलेही नाही. टायर आडवा केला, कडा फाकवल्या, आणि त्यालाच म्हटले, "तू घाल. बोटं आडवी फिरव, सावकाश. दोरा कुठवर तुटलाय ते तू सांग." त्याने हात घातला. डोळे मिटले होते त्याने. मी काही त्याला मीट म्हटले नव्हते. मग म्हणाला, "दोन थर गेलेत. तिसरा आहे." मी घालून पाहिला. बरोबर होते; तिसरा थर धड असेल तर आतून गेटर धरतो.

"आता तू सांग," मी म्हटले. "टायर तुझा, माणसं तुझी."

तो उठून नळावर हात धुवायला गेला आहे. मी रबर चिकटवायची भट्टी पेटवून ठेवली. तापायला अर्धा तास लागतो. तोवर हे लिहितो आहे. नळ अजून चालूच आहे.