मनगटावर विंचू

बाबा, तुमचे जावई मंगळवारी सकाळी कामोठ्याच्या घरातून निघून गेले आणि चार दिवस सापडले नाहीत. सहा वर्षं झाली, त्यांना विस्मरणाचा आजार आहे. मी दूध घ्यायला दार उघडलं, ते नीट लागलं नाही, एवढंच. पोलिसांत तक्रार दिली, पनवेलचे दवाखाने पालथे घातले. मग मोबाइलवर शोधत बसले: नाव, वय, कामोठे, हरवले. वर यायच्या गुप्तहेरांच्या जाहिराती, जुन्या बातम्या, कुणाचं तरी हरवलेलं कुत्रं. पानामागून पान सरकवत राहिले. ते कुठेतरी लिहिलेले असतील, फक्त माझ्यापर्यंत पोचत नाहीत, असं वाटून जीव जायची वेळ आली.

तेव्हा तुमचं वाचनालय आठवलं. मी नववीत आहे, तुम्ही कार्डांचा खण उघडून बसलाय. मी समुद्रावरचं पुस्तक मागते. तुम्ही चष्म्यावरून बघता. "समुद्र म्हटलंस तर अर्धं कपाट काढावं लागेल. नेमकं काय हवंय?"

"मिठागरं."

"मग तसं सांग ना. जो शब्द सगळीकडे असतो, तो काही शोधून देत नाही."

चारचौघांत बोललात म्हणून मी दोन दिवस रुसले होते.

मोबाइलवरचं हे शोधयंत्रही तसंच चालतं, बाबा. आपले शब्द कुठल्या पानात किती आहेत ते बघतं. हजारो पानांत असलेल्या शब्दाला कमी वजन, मोजक्या पानांतल्या शब्दाला जास्त. शिवाय ज्या पानाकडे दुसरी पुष्कळ पानं बोट दाखवतात, ते वर. 'हरवले' हा तर सगळ्यांचाच शब्द. आणि ज्याला ते सापडतील तो त्यांचं नाव कुठून लिहिणार? दिसेल तेच लिहील. त्यांच्या मनगटावर लहानपणी गोंदलेला विंचू आहे. मी लिहिलं: अनोळखी म्हातारा, मनगट, विंचू, गोंदलेला.

पहिलंच पान आपटा गावचं निघालं. 'नदीवर म्हातारा बसलेला, नाव सांगत नाय, मनगटावर विंचू गोंदलाय.' खाली नंबर होता.

फोनवर एक बाई होत्या. "हाय ना, पडवीत बसलेत. भात खाल्ला. तुमी या, पन हळू या, घाबरतात ते."

मी पोचले तेव्हा त्यांनी मला पाहिलं आणि त्या बाईंनाच विचारलं, "ह्या कोण?" तरीही रिक्षात माझ्या शेजारी निमूट बसले. आता आत झोपलेत.

तुम्ही असतात तर हे लिहिलंच नसतं, आणि आता लिहून टाकणार तरी कुठल्या टपालपेटीत? नंबर समोर आला तेव्हा मी लगेच फोन केला नाही. चहा होईल एवढा वेळ तशीच बसून राहिले. मनात आलं होतं, तो माणूस दुसराच कुणी निघाला तर बरं.