ताशी सत्तावन्न

सोमवार, ३ मार्च
चौकात शहर-बसचा धक्का लागून एका आजोबांचा पाय मोडला. चालक निलंबित. तो म्हणतो, चाळीसच्या आत होतो. मर्यादाही चाळीसचीच — काय योगायोग! संपादक म्हणाले, "भरधाव तर कुणीही लिहील. किती भरधाव?" समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातली क्लिप आमच्याकडे आहे. तिच्यावरून वेग काढायचं काम माझ्याकडे, कारण मी तर्क शिकलेला! शिकलो ते संस्कृतातलं न्यायशास्त्र. धूर दिसला की अग्नी ओळखतो. बसचा उल्लेख त्यात नाही.

४ मार्च
मेहुण्याने फुकटचं साधन सुचवलं. बटणं नाहीत, काळी खिडकी, तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. एक मोकळी जागा चुकली की चूक सांगणाऱ्या दहा ओळी अंगावर येतात. एका फ्रेममधला प्रत्येक तुकडा पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधून हे साधन त्यावर बाण काढतं म्हणे.

५ मार्च
बाण आले! बस साळिंदरासारखी दिसते.

६ मार्च
चौकात जाऊन झेब्राचे पट्टे टेपने मोजले. एकाने विचारलं, "सरकारी का?" म्हटलं, "नाही हो, हौशी." पट्टे, फ्रेम, बाण — सगळं गणितात घातलं. ताशी सत्तावन्न.

७ मार्च
पहिलं पान! संपादकांनी चक्क पाठ थोपटली. दुपारी चालकाचा फोन. "साहेब, मी अडतीसवर होतो. काट्यावर नजर असते माझी."
"काटा तुम्ही पाहिलात, बाण मी पाहिलेत," म्हटलं. स्वतःचंच वाक्य इतकं आवडलं की बायकोला दोनदा ऐकवलं.

रविवार, ९ मार्च
बायकोला क्लिप दाखवली. बाणांचं कौतुक राहिलं बाजूला. म्हणे, "ही बाई पोर कडेवर घेऊन पळत का सुटलीये?"
"सकाळची घाईची वेळ."
"बरं. आणि त्या कुत्र्याला कुठलं ऑफिस गाठायचंय?"
जेवण गोड लागलं नाही.

१० मार्च
व्हिडिओ विभागातल्या संकलकाला गाठलं. "दीडपट पळवलीये ना, सर! येईल ती क्लिप पळवूनच देतो आपण. लोक कंटाळतात. तुम्हाला मूळ हवी होती? मग तसं सांगायचं!"
सत्तावन्न भागिले दीड. अडतीस.
बाण बिचारे खरंच बोलत होते. दिलं ते त्यांनी मोजलं. दिलं मी.
संपादक म्हणाले, "दुरुस्ती टाकू की, आतल्या पानावर." म्हटलं, पहिल्या पानावर, नाहीतर माझा राजीनामा. म्हणाले, "दोन्हींचा विचार करू."

११ मार्च
चालकाच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काल चौकशीत तुमची बातमी वाचून दाखवली, साहेब. वाटलं, एवढं मोजूनमापून लिहिलंय, तर माझंच चुकलं असणार. कबुलीवर सही करून आलो."