फक्त मंजुरी यायची आहे

१४ नोव्हेंबर १९६९, शुक्रवार. धुळे
नोकरी लागली! जिनिंग कंपनीच्या इथल्या ऑफिसात टायपिस्ट. मॅनेजर अभयकुमारजींनी घड्याळ लावून परीक्षा घेतली. स्पीड चाळीस, चुका दोन. म्हणाले, बहनजी, जागा तुमचीच समजा. फक्त जळगावच्या मोठ्या ऑफिसातून मंजुरी यायची. आठ दिवस. माझा शब्द आहे.
कागद मागितला नाही. माणसाने शब्द दिल्यावर कागद मागायचा म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं.

१५ नोव्हेंबर
दुरुस्ती. काल 'नोकरी लागली' असं लिहिलं. 'लागल्यात जमा आहे' असं हवं. रोजनिशीत तरी खरं लिहावं.
माय सकाळपासून एकच विचारते, कागद कोठे शे? बठ्ठं तोंडीच शे का? तिला सांगितलं, हो, सगळं तोंडीच, मोठ्या कंपन्यांत असंच असतं. (मोठी कंपनी मी आतून कालच पहिल्यांदा पाहिली. हेही लिहून ठेवते.)
आबा माझ्या बाजूने आहेत. तीस वर्षं कापूस बाजारात हमाली केली. तिथे दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात आणि भाव ठरतो. गाड्यांमागून गाड्या कापूस जातो, चिटोरं नसतं. आबा म्हणाले, रुमालाखालचा शब्द फिरलेला मी पाहिला नाही, पोरी. ही त्याच बाजारातली माणसं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शाळेचा राजीनामा दिला. मुख्याध्यापिका सुनंदाबाई म्हणाल्या, अगं, तू आधीच टेंपररी. पत्र हातात येऊ दे, मग सोड. तुझ्या दुसरीच्या वर्गातली मुलं कुठे पळून जातात?
मी म्हटलं, दुसरीकडे जायचं ठरल्यावर इथल्या मस्टरवर सही करणं अप्रामाणिकपणाचं आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पटलं असावं.
आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. छप्पन साली आबांनी दीक्षा घेतली आणि मला शाळेत घातलं. पहिलीनेच लबाडी केली तर पुढच्यांनी काय करावं?
वर्गाचे हाल नकोत म्हणून माझ्या जागी नुकत्याच मॅट्रिक झालेल्या शेवंताचं नाव मीच सुचवलं. ती नको म्हणत होती. दोनदा घरी जाऊन पटवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
मोठं काम झालं. आबांनी हमालीचा बिल्ला बाजार समितीला परत केला. गेल्या वर्षापासून कंबर धरते, तरी सोडत नव्हते. मी हट्ट धरला. मुलगी ऑफिसात खुर्चीवर आणि बाप कापसाच्या गाठीखाली, हे मला चालणार नाही.
एक बिल्ला परत आला तरच दुसऱ्याला मिळतो. आबांचा बिल्ला त्यांच्या जोडीचे हमाल उखर्डू नाना, त्यांच्या भाच्याला मिळाला. नाना म्हणाले, अभिमन, तू तर आता साहेबिणीचा बाप, आम्हाला ओळख ठेव. आबा लाजले.
पोत्यात रुतवायचा आकडा त्यांनी घासून, तेल लावून खुंटीला टांगला. आता तेल कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, लोखंड आहे, गंज चढतो.

२४ नोव्हेंबर
आठ दिवस शनिवारीच झाले. पण आठ दिवस म्हणजे कामाचे आठ दिवस. शिवाय जळगावला टपाल जायला एक दिवस, यायला एक. उद्यापर्यंत विचारणार नाही.

१ डिसेंबर
विचारलं. अभयकुमारजी म्हणाले, येईल, येईल, सीझन आहे ना. तोवर रोज दोन तास येऊन कामाची ओळख करून घ्या.
म्हणजे नक्कीच. ज्याला घ्यायचं नाही त्याला कोण काम शिकवतं?
संकल्प: (१) दहाला पाच मिनिटं कमी असताना हजर. (२) कार्बन दोनदा वापरायचा. (३) पगाराबद्दल चकार शब्द नाही. अजून नेमणूकच नाही, तर पगार कसला? उगाच घाई दिसते.

९ डिसेंबर
आज माझ्याच मंजुरीचं पत्र मीच टाईप केलं! अभयकुमारजींनी तोंडी सांगितलं, 'हर वर्क इज एक्सलंट.' स्वतःबद्दल 'एक्सलंट' टाईप करवेना. बोटं थांबली. 'सॅटिस्फॅक्टरी' केलं. त्यांनी न वाचता सही केली. केवढा विश्वास!

१५ डिसेंबर
दोन तासांचे सहा तास झाले आहेत. आज गेटपास टाईप केले. बिल्ला नसलेले सुट्टे हमाल रोजच्या रोज घेतात, त्यांना आत सोडायची चिठ्ठी. नावाची जागा कोरी ठेवायची. पन्नास सांगितले होते, मी दोनशे केले. पुढे माझाच वेळ वाचेल.
घरी डाळ पातळ होते आहे. माय सगळ्यांच्या मागून जेवते. हे तिचं नेहमीचंच.

२२ डिसेंबर
जळगावहून विचारणा आली. पूर्ण नाव, आडनाव, वडिलांचा धंदा. मंजुरी अगदी जवळ आली. अभयकुमारजी मला आतापर्यंत नुसत्या नावानेच ओळखत होते. आडनाव लिहिलेला कागद त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरला. म्हणाले, वडील धंदा काय करतात असं लिहू? 'व्यापारात' लिहू? मी म्हटलं, नाही, खरं लिहा. हमाल. आता तेही नाहीत, तेव्हा 'माजी हमाल'.
ते म्हणाले, तुम्ही फार सरळ आहात, बहनजी. कौतुकच होतं ते.

६ जानेवारी १९७०
अभयकुमारजी हल्ली माझ्याकडे न बघता बोलतात. कामाचा ताण.

१२ जानेवारी, सोमवार
पहाटेच्या एस.टी.ने जळगावला जाऊन आले. अभयकुमारजींना न सांगता गेले, याची टोचणी आहे. उद्या कबूल करीन.
कंपनीचे मालक रतनलालशेठ ऐंशीच्या घरातले. फार गोड बोलले. आडनाव विचारलं. सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. वयामुळे लक्षात राहत नसेल. मग म्हणाले, मुलींनी शिकावं, फार चांगलं. मास्तरीण व्हा. तुम्हा लोकांना सरकार जागा देतं म्हणे?
चहा आला. बाकीच्यांना कपबशी, मला काचेचा ग्लास. तो खिडकीत वेगळा ठेवलेला होता, तिथून काढून धुऊन आणला. ग्लासात चहा जास्त मावतो.
मंजुरीचं बघतो म्हणाले. 'नाही' असं म्हणाले नाहीत.

१७ जानेवारी
शेठजींच्या साडूचा मुलगा आला आहे, टायपिस्ट म्हणून. स्पीड फार तर पंचवीस. त्याच्या खिशात घडी केलेलं नेमणुकीचं पत्र होतं. दोन तास त्याला मशीन समजावून दिलं. एक कळ अडकते, तिला वरून न दाबता तिरकं मारायचं. हे न सांगता निघून येणं बरोबर झालं नसतं.
अभयकुमारजी गेटपर्यंत सोडायला आले. म्हणाले, मी शब्द दिला होता, नाकारत नाही. पण शब्द माझा होता, जागा त्यांची.
त्यांचा चेहरा उतरला होता. मीच म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

१८ जानेवारी
आबांना सांगितलं. मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता ना, रुमालाखालचा शब्द फिरत नाही.
आबा म्हणाले, फिरत नाहीच. पण रुमालाखाली आपला हात कधी होता, पोरी? आपला हात पोत्याला.

१९ जानेवारी, सोमवार
शाळेत गेले. शेवंता छान शिकवते. मला पाहून घाबरली, म्हणाली, बाई, मी सोडू का? मी म्हटलं, वेडी की काय. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, ती पुन्हा एकदा विचारील.
सुनंदाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जूनमध्ये एक जागा निघेल, तुझीच समज.
लिहून द्याल का, असं अगदी ओठावर आलं होतं. बरं दिसलं नसतं.

२२ जानेवारी
खुंटीवर आकडा नाही. आबा म्हणतात, घरी बसून अंग आखडतं. खरं आहे, ते पूर्वीही असं म्हणायचे. उखर्डू नानांच्या भाच्याकडे बिल्ला मागायला ते गेले नाहीत. दिलेली वस्तू परत मागू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

२३ जानेवारी, शुक्रवार
संध्याकाळी आबा आले. बसता येत नव्हतं, भिंतीला धरून उभे राहिले. मग खिशातून चिठ्ठी काढून मायकडे दिली. म्हणाले, जपून ठेव, उद्याही हीच दाखवायची.
मायला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, कंपनीना कागद शे का?
मी पाहिला. कंपनीचाच. गेटपास. कोऱ्या जागेत कुणीतरी पेन्सिलीने 'अभिमन' लिहिलं आहे. बाकी टायपिंग माझं.
हो म्हटलं.
दिव्याजवळ नेऊन तपासला. एकही चूक नाही.