काचेच्या बशीतलं पोहणं

मानसरोवर, जयपूर
११ नोव्हेंबर २००८

प्रिय राजनभावजी,

इकडील सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. थंडी पडू लागली. अवनीची परीक्षा संपली. मोबाइल असताना कुरियरने पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तुम्ही मला समजावता आणि मी समजूतदारपणा करून बसते. कागदावर तेवढं टळतं.

गणपतीत पुण्याहून येऊन तुम्ही आमच्या मराठी मंडळात भाषण केलंत, ते इथे अजून गाजतंय. धुळीच्या कणाएवढे यंत्रमानव, बाहेरून कानाला न ऐकू येणारा आवाज द्यायचा, त्या आवाजाच्या जोरावर ते पोहत रोगापर्यंत औषध नेणार. पडद्यावर काचेच्या बशीतला तुमचा ठिपका वळवळत पुढे सरकला, तेव्हा इंदुमतीकाकूंनी चक्क हात जोडले. मंडळाचे अध्यक्ष म्हणून तुमचे दादा असे फुगले होते, की मला त्यांच्या सदऱ्याच्या बटणांची काळजी वाटली.

ह्यांच्या मेंदूखालच्या गाठीचं तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आता डॉक्टर म्हणतात, नाकातून जाऊन काढू. हे म्हणतात, "नाकात हत्यारं कशाला? आमच्या राजनची यंत्रं येतायत." जन्मभर 'उद्यावर टाकू नका' म्हणत लोकांचे विमे उतरवले, तो हा माणूस. ऑपरेशनला हो म्हणणं म्हणजे सख्ख्या भावावर अविश्वास, असंही डॉक्टरांना ऐकवून आले. एक तारीख अशीच गेली. आता पुढच्या शुक्रवारची आहे.

आणि तुम्ही दर फोनला सांगता, "प्रगती आहे, दादा." असेल. तुमच्या बशीत असेल. ह्यांच्या डोक्यातली प्रगती गाठीची आहे.

स्कूटर सोडली, ती गुडघ्यांमुळे म्हणतात. खरं म्हणजे झालाना भागातल्या ऑफिसात जाताना बाजूला उभ्या गाईवर जाऊन आदळले, आणि वर तिलाच हिंदीत झापलं. मी हसले होते. काल संध्याकाळी अवनी त्यांच्या शेजारी बसून वाटाणे सोलत होती आणि हे मला विचारत होते, अवनी आली का घरी. पोरगी दचकून म्हणाली, "बाबा, मतलब... मी इथेच आहे." हे हसले. म्हणाले, गंमत केली.

गाठ डोळ्यांच्या नसा दाबतेय, म्हणून बाजूचं दिसत नाही. गेलेली नजर परत येईलच असं नाही, उरलेली वाचवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. थांबलो तर तीही नाही.

माझं ते ऐकत नाहीत. मी बायको आहे, घाबरट आहे. तुमचं ऐकतील. त्यांना पत्र पाठवू नका, ते मलाच वाचून दाखवावं लागेल आणि माझंच रचलेलं वाटेल. फोन करा. म्हणा, दादा, माझं यंत्र काचेच्या बशीत पोहतं, माणसात नाही. तू ऑपरेशन करून घे. तुम्हाला हे जड जाईल, जाऊ दे.

फक्त 'माणसात अजून नाही' असं म्हणू नका. त्या 'अजून'वर ते आंधळे होईपर्यंत थांबतील.

फोन त्यांच्या हातात देऊन, ते काय म्हणतात ऐकत उभी राहणारी,
सरोजिनीवहिनी