नरसिंहाच्या छातीतली सूज

२ मार्च
ताप गेला. छातीत दुखतं, ती ॲसिडिटी. बायको, भारती, म्हणते डॉक्टरकडे जा. तिला शिंकेलाही डॉक्टर लागतो. बोहाडा सव्वा महिन्यावर आलाय; दाभोशात मुखवटे बांधून देवांची सोंगं नाचतील. नरसिंहाचं सोंग आमच्या घराचं. आधी आजा नाचला, मग बा, आता मी. उद्यापासून मिरची बंद, पहाटे सराव.

५ मार्च
मिरची बंद झाली नाही, सुकटीची चटणी होती. सराव केला. चार गिरक्यांत अंगणातच बसावं लागलं. ऊन लागलं असणार. सकाळचे सहा वाजले होते.

८ मार्च
जीपचे पॅसेंजर जव्हारला सोडले आणि भारतीची कटकट मिटावी म्हणून दवाखान्यात गेलो. ईसीजी काढला, रक्त घेतलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तापाने हृदयाच्या स्नायूला सूज आली असावी. तरुण आहेत, घाबरतात लवकर.

११ मार्च
इको नॉर्मल! भारतीला दोनदा वाचून दाखवला. मॅडमचं समाधान नाही. म्हणतात, इकोत हृदय कसं चालतं ते दिसतं, आतली सूज नजरेतून सुटू शकते. रक्तात खूण आलीय, नाशिकला एमआरआय करा. म्हणजे पास झालेल्याची पुन्हा परीक्षा.

१७ मार्च, नाशिक
मशीनमध्ये घालण्याआधी करदोडा काढायला लावला. त्यातली ताईताची चांदीची पेटी बाने बांधलेली. उघडं उघडं वाटलं. हातात सुई, आत ठकठक. सारखं श्वास धरा, सोडा. मी उत्तम धरला. मुखवट्यात श्वास सांभाळणाऱ्याला हे काय अवघड? टेक्निशियनलाही ते कळलं असणार.

२० मार्च
मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं. हृदयाच्या काळ्या भिंतीत पांढरे डाग. तीच सूज. सहा महिने धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही. जोर पडला तर ठोके चुकून हृदय थांबूही शकतं. मी विचारलं, सोंग घेतलं तर? त्यांना सोंग माहीत नाही, बाहेरच्या आहेत. मग विचारलं, चालणं? चालेल म्हणाल्या. झालं तर. नरसिंह चालतच येतो.
सूज म्हणजे सूज. पायाला येते तशीच. निरगुडीचा शेक सुरू.

२८ मार्च
चुलतभाऊ सोम्याला मुखवटा रंगवायला बोलावलं. तो म्हणाला, गोमादादा, या साली मी घेतो, पुढल्या साली तू घे. मी हसलो. त्याला ताल नाही. शिवाय गावोगावची माणसं मला बघायला येतात.

६ एप्रिल
मुखवटा बांधून पाहिला. नुसता चालणार होतो. पण पाय ऐकतात थोडेच? दोन गिरक्या घेतल्या. मग डोळ्यांपुढे अंधार.
जाग आली तेव्हा टीना माझ्या तोंडावर पाणी मारत होती. रडत म्हणाली, बा, मी हाका मारल्या, तू बोललासच नाय. मुखवटा घट्ट बांधला होता, असं तिला सांगितलं. खरं तर मी फार घाबरलो. पोरीचा हात सोडवेना.

९ एप्रिल
जव्हारच्या दवाखान्यातून घरी सोडलं. गोळ्या वाढल्या. मुखवटा जागेवर नाही. भारतीने तो सोम्याकडे पोचवलाय. मी भांडलो. ती म्हणाली, सोंगाला दुसरा माणूस मिळंल, टीनाला बाप कुठून आणू? मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

१३ एप्रिल, सकाळ
काल बोहाडा झाला. तोंडाला टॉवेल गुंडाळून मागच्या बाजूला बसलो. बेत असा, की सोम्याचा ताल चुकेल, लोक कुजबुजतील, मला शोधतील. मग बघू.
संबळ वाजला, टेंभे पुढे झाले, नरसिंह आला. कुणी कुजबुजलं नाही. शेजारी साखरशेतची एक म्हातारी होती. मला म्हणाली, "दरसाली ह्योच नाचतो. दाभोशाचा गोमा. याच्यासाठीच येतंय मी."
मी म्हटलं, हो आजी, बरा नाचतो.
तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी जरा सरकून बसलो.