आशिया खंडाचा निकाल धर्माजीच्या खाचरात

दहिवली,
माघ शुद्ध षष्ठी, शके १८९१, गुरुवार

वयाने चार आणि मानाने चाळीस वर्षांनी वडील असलेले आमचे भावोजी रा. रा. त्र्यंबकराव यांच्या पायी, मेहुणा वामन याचा, कमरेतून जेवढे वाकता येईल तेवढे वाकून नमस्कार (किती वाकता येते आणि का, ते पुढे येईल).

आपली प्रकृती, आपली म्हैस आणि आपला राग ही तिन्ही कशी आहेत? पहिल्या दोघी बऱ्या आहेत असे माझ्या बहिणीच्या, म्हणजे आपल्या सौ. आवडीच्या, पत्रावरून समजले. तिसऱ्याविषयी तिने मौन पाळले आहे, त्यावरून तो अजून घरात मुक्कामाला असावा. आपल्या खालापूर संघाला उपांत्य सामन्यात आमच्या दहिवलीने पाच विरुद्ध शून्य अशा गोलांनी निरोप दिला आणि आपण समोर ठेवलेला चहा न पिता एस्टीत बसलात, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. (तो चहा वाया गेला नाही. आमचा कर्णधार नागू याने तो प्यायला आणि साखर कमी असल्याचे सांगितले.) आपण रुसल्यामुळे अंतिम सामन्याची हकिगत आपल्याला कळलेली नाही, ती साद्यंत लिहितो.

जाताना आपण म्हणालात की, दोन तालुक्यांतले सात संघ जमवून त्याला 'आशिया खंड अजिंक्यपद' म्हणवता, लाज कशी वाटत नाही. वाटते, पण इलाज नाही. नागू मुंबईला गोदीत होता तेव्हा त्याने लिलावात तो चषक घेतला आणि त्यावर ती अक्षरे आधीच कोरलेली होती. ती खरवडली तर मुलामा जातो असे कल्हईवाल्याने सांगितल्यामुळे स्पर्धेनेच चषकाला शोभेल असे नाव घेतले. जपान, ब्रह्मदेश वगैरेंकडून कोणी आले नाही. (त्यांना बोलावणे गेले नव्हते हे खरे, पण राष्ट्राने आपण होऊन जरा चौकशी ठेवावी.) त्यामुळे अखिल आशियातून अंतिम फेरीला पोचलेले दोन्ही संघ आमच्या कर्जत तालुक्यातलेच निघाले, दहिवली आणि भिवपुरी. चषकाच्या पेटीत नियमांची एक इंग्रजी चोपडी होती. मी पाठशाळेत न्याय आणि व्याकरण शिकलेला माणूस, फुटबॉलशी माझा संबंध तो शाळेच्या खिडकीतून आत येईल तेवढाच, पण भाष्य करणारा दुसरा कोणी नसल्यामुळे ती चोपडी माझ्या गळ्यात पडली. तीत असे निघाले की, अंतिम सामना एक नसून दोन असतात. एक यांच्या मैदानावर, एक त्यांच्या, आणि मग दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. बेरीज सारखी आली तर ज्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन जास्त गोल केले तो विजयी. तेही सारखे निघाले तर तिसरा सामना तिऱ्हाइताच्या भूमीवर. मला हे फार आवडले.

नागूला मात्र ते आवडले नाही, कारण मैदान आमचे नाही. ते धर्माजीचे खाचर आहे. भात कापल्यापासून माघापर्यंत आम्ही तिथे खेळतो, आणि धर्माजी बांधावर बसून आमच्याकडे, गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरल्यावर माणूस जसा बघतो, तसा बघतो. यंदा कालव्याचे पाणी त्याच्या बांधापर्यंत आले. उन्हाळी भाताची रोपे त्याने तयार केली आणि नागूला बोलावून सांगितले, "ह्यो तुमचा कप गावात आला तर खाचर तुमचं, दर साल तुमचं. नाय आला तर पुनवेला मी पाणी सोडतो. मंग खेळा बेडकांसंगं." या पुनवेला, म्हणजे आजपासून नऊ दिवसांनी. कालव्याला येणारे पाणी भिवपुरीच्या वीजघरातून सुटते, हे ध्यानात घेऊन त्यांचा कर्णधार धाऊ मला भर बाजारात म्हणाला, "शास्त्रीबुवा, कप बी आमचा आन तुमचं मैदान बुडवणारं पाणी बी आमचंच. किती करायचं आमी तुमच्यासाठी?"

पहिला सामना भिवपुरीला झाला. आपल्या भागात पाहुणा दारात आला की, त्याला खाऊ घातल्याशिवाय काही सुरू होत नाही, ही रीत आपण जाणताच (अपवाद तो चहा). त्यांनी आमच्यासाठी पोपटी लावली होती. रात्रीच्या जाळावरची पोपटी दिवसाउजेडी लावणे हे कोणत्याच शास्त्राला धरून नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी अशी नाकापर्यंत भरलेली तीन मडकी उपडी करून जाळात घातली होती. (माझे चौथे, त्यात शेंगा आणि बटाटे. सोवळ्याचा एवढा विचार करणारा शत्रू मी पुराणातही पाहिला नाही.) धाऊ जातीने आग्रह करत होता. "आवं घ्या, पाव्हणं, येवढ्यात काय व्हतंय, धावायचं तर हायेच." आमच्या अकरा जणांनी शेंगांच्या सालींचा एवढा ढीग लावला की, त्याच्यामागे आमचा गोलरक्षक पोशा दिसेना. मग शिट्टी झाली. आमचे खेळाडू चेंडूकडे प्रेमाने बघत होते, त्याच्या मागे मात्र कोणी जात नव्हते. पोशा खांबाला टेकून बसला होता आणि तिसरा गोल त्याच्या मांडीवरून आत गेला तेव्हा त्याने त्याला वाट दिली. तीन विरुद्ध एक असे हरून आलो. आमचा एक गोल त्यांच्याच एका माणसाने, मला वाटते दया येऊन, केला.

परत येताना नागूने युद्धाची दिशा ठरवली. म्हणाला, "शास्त्रीबुवा, येत्या आयतवारी ते आपल्याकडं पाव्हणं हायेत." एवढेच. पण मला त्यात एका संपूर्ण युद्धनीतीचे दर्शन घडले.

धर्माजीची सोनुबाई आणि तिच्या जावा शनिवारपासून राबत होत्या. तांदळाच्या भाकरी, वालाचे बिरडे, सुके मटण आणि शेवटी गुळाच्या खिरीचे पातेले, ज्यात आपली म्हैस पोहू शकली असती. पाने मांडली, भिवपुरीचे अकरा जण रांगेने बसले, नागू वाढायला वाकला, आणि धाऊने हात मागे घेतला. "यजमान बसल्याबिगर आमी घास उचलत नाय. तशी आमची रीत नाय." रीत आमचीही तीच. आमचे अकरा समोर बसले. मग जे झाले त्याला आपल्या लग्नातली पंगत हीच एक उपमा आहे. हे त्यांच्या पानात खीर ओततात, ते उठून यांच्या पानात ओततात, नको म्हणेल त्याचा अपमान. पंच म्हणून आणलेला हिरू (एस्टीत कंडक्टर असल्यामुळे शिट्टी त्याची स्वतःची आहे) मध्ये बसला होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी वाढत होते.

असा सामना आशियात पूर्वी झाला नसेल. बावीस खेळाडू आणि एक पंच चालत खेळत होते. कोणी पडला की, उठत नसे, आणि तेवढ्यापुरता तो मैदानाचाच भाग धरला जाई. हिरूला फुंकर जमेना, म्हणून तो शिट्टीऐवजी नुसता हात वर करी. पण आमच्या खाचराला मध्ये थोडा उतार आहे आणि उत्तरार्धात तो आमच्या बाजूचा होता, म्हणजे चेंडू एकदा निघाला की, आपण होऊन त्यांच्या गोलाकडे जाई. अशा रीतीने आम्ही दोन केले. त्यांनीही पूर्वार्धात याच उताराने एक केला होता. मिळून आमचे तीन आणि त्यांचे चार. पाच मिनिटे उरली. धर्माजी कालव्याच्या तोंडाशी फावडे घेऊन उभाच होता, आणि सोनुबाई त्याला म्हणत होती, "थांबा की वं जरा, अजून हरलं नायती." नागूने चेंडू मारला. तो साफ बाहेर चालला होता. वाटेत तो मैदानालगतच्या एका स्थिर वस्तूला लागला, वळला आणि आत गेला.

धाऊने हरकत घेतली. चोपडी माझ्याकडे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी सांगितले की, आपल्या मैदानांत बांध, दगड, वारूळ वगैरे पदार्थ पूर्वापार असतात, त्यांना लागून झालेले गोल पहिल्या सामन्यात तुम्ही घेतले आहेत, तेव्हा स्थिर वस्तूंबाबत भेदभाव करता येणार नाही. धाऊ माझ्याकडे पाहून हसायला लागला, हसता हसता खीर आठवून खाली बसला आणि गोल मान्य झाला. आम्ही तीन, ते एक. एकूण चार-चार, आणि दुसऱ्याच्या दारातले एकेक. धर्माजीने फावडे कालव्यात फेकले आणि सोनुबाईसकट मैदानभर नाचला, इतका की, मग ते शोधायला त्यालाच गळ्याइतक्या पाण्यात उतरावे लागले.

असो. आपण राग सोडावा, मुलांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
वामन

ता. क. : तिसरा सामना तिऱ्हाइताच्या भूमीवर, येत्या रविवारी. उभय तालुक्यांत सपाट, मोकळे आणि पाण्यापासून लांब असे एकच खाचर आहे, ते आपल्या खळ्यामागचे. आपण पाच गोलांनी हरलेले असल्यामुळे आपल्याइतका तिऱ्हाईत दुसरा नाही. यजमान आपण, त्यामुळे बावीस पाने आपल्याकडे. आवडीला मी सोमवारीच वेगळे पत्र टाकले होते, ती हो म्हणाली आहे आणि आपल्या घरी तांदूळ दळून झाले असतील.

ता. क. दुसरा : ती स्थिर वस्तू मी होतो. पडलेले उपरणे उचलायला वाकलो होतो. हे आवडीला सांगू नये. पत्र उभ्याने लिहिले आहे. आपल्याकडच्या वैद्यांचे ते हिरवे तेल काढून ठेवावे.

ता. क. तिसरा : पत्र घेऊन धर्माजीच येत आहे, त्याला आपले खाचर पावलांनी मोजायचे आहे. त्याने काल स्वतःची सगळी रोपे माझ्या परसातल्या वाफ्यांत, माझी वांगी उपटून, लावून टाकली. मी विचारले तर म्हणाला, "खाचरात आता पाणी सोडवत नाय, बुवा. कप येवो, नाय तर राहो." तेव्हा मैदान वाचले आहे आणि सामना जिंकण्याची तशी गरज उरलेली नाही. ही गोष्ट आमच्या अकरा जणांना कळू देऊ नये, ते पानावरून उठणार नाहीत. आणि खिरीचे पातेले आधी भिवपुरीकडे फिरवावे.